हा वाटा कुणाचा?

संपादकांनी यंदा ‘रानातून ताटात’ असा विषय दिला, तेव्हा मनात आधी शिकारच आली. सातारा-सांगलीकडच्या जुन्या वाड्यांत सांबराची शिंगं अजून भिंतीवर टांगलेली दिसतात. सांबर-भेकर कसं सोलायचं, कुठला भाग आधी शिजवायचा आणि कुठला वाळवायचा, हे हातात असलेली माणसं या भागात दोन पिढ्यांमागे होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो अध्याय संपवला आणि ते योग्यच झालं. आज हरण मारणं गुन्हा आहे आणि त्याचं मांस घरात ठेवणंही गुन्हाच आहे. काळवीट-चिंकाऱ्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी शिक्षा तीन ते सात वर्षं कैदेची. सांगली जिल्ह्यात धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून सागरेश्वरचं अभयारण्य उभं राहिलं. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून घडवलेलं हे रान. तिथली सांबरं आणि चितळं रात्री खाली उतरून पिकात घुसतात. शेतकरी वैतागतात, रात्रभर जागतात, पंचनाम्यासाठी खेटे घालतात. पण जनावराला हात लावत नाहीत.

मग अख्खं जनावर घराच्या अंगणात सोलून, फोडून, वाटून, शिजवून खाण्याची विद्या या मुलखात उरली कुठे? ती उरली यात्रेच्या दुसऱ्या दिवशी, लिंबाच्या झाडाखाली. पहिला दिवस पालखीचा, छबिन्याचा आणि पुरणपोळीच्या गोड्या नैवेद्याचा. दुसरा दिवस खाऱ्या नैवेद्याचा आणि कुस्त्यांचा. चैत्र-वैशाखात खटाव, माण, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या पट्ट्यात गावोगाव हाच क्रम असतो. मुंबईत माथाडी काम करणारा, पुण्यात रिक्षा चालवणारा, सुरतेत किंवा केरळात सोन्याची गलाई करणारा माणूस या दोन दिवसांसाठी गावी येतो. दुकानात किलोने मटण घेणारा तोच माणूस त्या सकाळी बाह्या सारून बकऱ्याचा पाय धरायला पुढे होतो.

पाठीवरचा अंगठा

काम खरं तर बाजारातच सुरू होतं. म्हसवड, आटपाडी, लोणंद ही या भागातली शेळ्या-मेंढ्यांच्या बाजाराची नावाजलेली गावं. गिऱ्हाईक आधी जनावराचं तोंड उघडतं. दुधाचे दात शाबूत असतील तर ते आदत. पुढचे दोन पक्के दात आले की दोनदाती, म्हणजे साधारण सव्वा-दीड वर्षाचं. यात्रेसाठी आदत किंवा दोनदातीच बघतात. चारदाती झालं की मटण शिजायला लाकडं जास्त लागतात, असं जुनी माणसं सांगतात. मग कमरेवर अंगठा दाबून बघतात. कण्याची हाडं टोचली तर जनावर उपाशी, पाठ भरलेली लागली तर खाऊन-पिऊन असलेलं. खच्ची केलेल्या बोकडाला उग्र वास येत नाही. न केलेल्याला येतो, आणि माजावर असलेल्याचा तर रश्शातही लपत नाही. पण नवसाला खोड नसलेलं, धडधाकट जनावर लागतं म्हणून कितीतरी घरं खच्ची बोकड देवाला चालवून घेत नाहीत. इथे जिभेचं आणि देवाचं जुळत नाही, आणि देवाचंच ऐकलं जातं.

जत तालुक्यातल्या माडग्याळ गावाच्या नावाने ओळखली जाणारी मेंढी इथलीच. पोपटासारखं बाकदार नाक, पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, उंच पाय. तिच्या नराला बाजारात मिळणारी किंमत ऐकून बाहेरचा माणूस थक्क होतो. तो मात्र कापायला नसतो, पैदाशीसाठी असतो. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने सुंदरबनातल्या गरोल मेंढीचा जुळी देणारा गुण दख्खनी मेंढीत आणून ‘सुवर्णा’ तयार केली. सरकारी मेंढी-शेळी महामंडळाची प्रक्षेत्रं दहिवडीला आणि रांजणीला आहेत. कोरडवाहू माणदेशात पाऊस दगा देतो तेव्हा घर शेळी-मेंढीवर तगतं. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ याच माणसांची आणि याच कळपांची गोष्ट सांगते.

आदल्या संध्याकाळपासून जनावराला चारा देत नाहीत, पाणी मात्र ठेवतात. पोट रिकामं असलं की फाडताना घाण कमी होते, पाणी प्यालेलं असलं की रक्त नीट निचरतं आणि कातडं सहज सुटतं. ज्याच्या अंगणात ते रात्रभर बांधलेलं असतं, त्या घरातली पोरं झोपायला गेली तरी खिडकीतून बघत राहतात. त्यांना दामटून आत नेऊ नये, असं मला वाटतं. ताटातलं मटण कुठून येतं हे लपवून वाढवलेल्या मुलाला पुढे अन्नाची किंमत कळणं अवघड जातं.

मुलाण्याचा हात

सकाळी बकऱ्याला हळद-कुंकू लागतं, अंगावर पाणी शिंपडतात आणि ते अंग झाडण्याची वाट बघतात. अंग झाडलं की देवाने कौल दिला. मग गर्दीतून वाट काढत मुलाणी पुढे येतो. भैरवनाथाची यात्रा असो, बिरोबाची असो की म्हसोबाची, सुरी त्याच्याच हातात. तोंडाने अल्लाचं नाव घेऊन तो एका हिसक्यात गळ्याच्या शिरा कापतो आणि रक्त पूर्ण जाईपर्यंत कुणाला जनावराला हात लावू देत नाही. एका गावात मी विचारलं, दुसऱ्या कुणी कापलं तर? म्हातारा पाटील सरळ म्हणाला, “चालत न्हाय, पाव्हणं. मुलाण्यानं कापल्याबिगर आमच्या घरात मटान शिजत न्हाय.”

ही प्रथा किती जुनी आहे याचा पुरावा साताऱ्यातच आहे. ग्रँट डफ हा पेशवाई बुडाल्यानंतर साताऱ्याला आलेला ब्रिटिश रेसिडेंट. १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्याने गावगाड्यातल्या मुलाण्याची नोंद केली आहे. मराठे बहुतेक ठिकाणी मुलाण्याने नियत, म्हणजे दुवा, म्हणत कापलेलंच मटण खातात, आणि प्रत्येक जनावरामागे त्याला दोन पैसे आणि जनावराचं हृदय मिळतं, असं तो लिहितो. दोनशे वर्षं होत आली. दोन पैशांचे आता काहीशे रुपये झाले आहेत. हृदयाचा मान काही गावांत अजून आहे, काही गावांत त्याऐवजी मुंडी किंवा मटणाचा वाटा देतात. हक्काच्या वस्तू बदलल्या तरी हक्क मोडलेला नाही.

मी पाहिलेल्या मुलाण्याचं वय सत्तरीच्या पुढचं. गाव त्याला चाचा म्हणतं. एरवी नातवाकडे पुण्यात राहतो, यात्रेला न चुकता येतो. सकाळपासून या आळीतून त्या आळीत त्याला बोलावणी येत होती आणि प्रत्येक अंगणात आधी चहा पुढे केला जात होता. “माझ्या आज्यानं ह्यांच्या आज्याचं बकरं कापलंय,” एवढंच तो म्हणाला आणि सुरी पुसून पुढच्या घराकडे निघाला. हिंदू देवाचा नवस मुसलमान माणसाच्या हाताने फिटतो, ही गोष्ट सातारा-सांगलीच्या खेड्यांनी कधी भाषणाचा विषय केली नाही. आज बाहेरून येऊन हा धागा तोडू बघणाऱ्यांना गावांनी उंबऱ्यावरच थांबवावं.

लिंबाखाली

इथून पुढचं काम घरच्यांचं. मागच्या पायांच्या घोडशीर आणि हाड यांच्यामध्ये भोक पाडून त्यातून दोर ओवतात आणि बकरं फांदीला उलटं टांगतात. पायांच्या आतल्या बाजूने एक उभी चीर देतात आणि सुरी बाजूला ठेवतात. कातडं सोलायला सुरी नको, मूठ हवी. कातडं आणि मांस यांच्यामध्ये एक पातळ पांढरा पडदा असतो. त्यात बंद मूठ घालून रेटत गेलं की कातडं सदऱ्यासारखं खाली उतरतं. सुरी वापरली तर कातड्याला भोकं पडतात आणि मांसावर केस चिकटतात. केस धरणारा हात मांसाला लावायचा नाही, हा नियम मी प्रत्येक ठिकाणी ऐकला. एक हात बाहेरचा, एक हात आतला. शिकाऊ पोराचे हात गोंधळले की म्हातारे ओरडतात, आणि ते ओरडणं रास्त असतं. मटणाला वशट वास येतो तो बहुधा याच निष्काळजीपणातून.

पोट फाडताना खरा कस लागतो. आधी शेपटीखाली गोल चीर देऊन आतडं मोकळं करतात आणि सुतळीने बांधतात. अन्ननळीलाही गाठ मारतात. मग पोटावर छोटी चीर पाडून डाव्या हाताची दोन बोटं आत घालतात, त्या दोन बोटांच्या बेचक्यात सुरीचं पातं बाहेरच्या अंगाला धार करून धरतात आणि हळूहळू खाली आणतात. बोटं कोथळा मागे रेटून धरतात, धार फक्त पोटाच्या भिंतीला लागते. आतडं फाटलं तर सगळं मटण धुवावं लागतं, आणि धुतलेलं मटण लवकर खराब होतं. कोथळा बाहेर आला की कलेजी हातात घेतात. तिच्या मागे हिरवट पित्ताची थैली चिकटलेली असते. ती फुटली आणि एक थेंब जरी कलेजीवर पडला, तरी तेवढा भाग कडू होऊन टाकावा लागतो. मी पाहिलं त्या घरात हे काम एका बाईने केलं. थैलीच्या देठाला चिमटीत धरून, थोडी कलेजी सोबत घेऊन, तिने ती अलगद कापून काढली आणि काही न बोलता शेणकुटाच्या राखेत टाकली. कापण्याफाडण्याचा मान पुरुषांचा म्हणतात, पण सगळ्यात नाजूक काम करायची वेळ आली तेव्हा सगळ्यांनी तिलाच हाक मारली होती.

फोडायला चिंचेच्या लाकडाचा ओंडका लागतो. चिंच टणक असते, तिच्या ढलप्या मटणात येत नाहीत. चांगला फोडणारा सत्तूर कमी वापरतो. तो सुरीच्या टोकाने सांधा शोधतो आणि तिथून फरा मोकळा करतो. हाड तोडायची वेळ आली तरच सत्तूर, आणि तोही एकाच घावात. एका जागी तीन घाव पडले की हाडाचा चुरा होतो आणि तो पुढे रश्शात दाताखाली येतो. मागचे दोन फरे, पुढचे दोन फरे, मान, चापा, सीना, असे भाग सुटे होतात. एकीकडे मुंडी आणि खूर जाळावर भाजून, केस खरवडून, काळेभोर तयार होत असतात.

वाटे

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचा वाटला तो पुढचा अर्धा तास. प्रत्येक घर स्वतंत्र बकरं कापू शकत नाही. मग भावकीतली किंवा आळीतली दहा-बारा घरं वर्गणी काढतात आणि एक बकरं घेतात. जिवंत वजनाच्या साधारण निम्मं मटण पडतं. चोवीस किलोच्या बोकडातून अकरा-बारा किलो, म्हणजे घरटी किलोभर. ताडपत्री अंथरतात आणि तिच्यावर जितकी घरं तितके ढीग मांडतात. वजनकाटा नसतो. फोडणारा आधी फऱ्याचं मटण सगळ्या ढिगांवर फिरवतो, मग चापा, मग नळ्या, मग मानेचे तुकडे, मग कलेजी, गुरदा, चरबी. नळी मोडून प्रत्येकाला एकेक तुकडा येईल असं बघतो. प्रत्येक वाट्यात बकऱ्याचा प्रत्येक भाग आला पाहिजे. कुणी नुसतं मऊ मटण घेऊन जाणार नाही आणि कुणाच्या पदरात नुसती हाडं पडणार नाहीत.

मांडून झालं की सगळे भोवती उभे राहून बघतात. कुणी म्हणतं, ह्यात चरबी जास्त गेली. एक तुकडा इकडून तिकडे जातो. कुणाची तक्रार उरली नाही की एखाद्या पोराला पाठ करून उभं करतात. फोडणारा एका ढिगावर सुरीचं टोक ठेवतो आणि विचारतो, “हा वाटा कुणाचा?” पोरगं पाठमोरंच नाव घेतं, “आप्पांचा.” पुढचा ढीग. “हा कुणाचा?” “थोरल्या काकींचा.” ज्याचं नाव निघेल त्याने तो ढीग उचलायचा, तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याने मांडलं त्याला कुठला वाटा आपल्याला येणार हे माहीत नसतं, म्हणून तो मांडतानाच सारखं मांडतो. ज्या विधवेकडे वर्गणीला पैसे नव्हते तिचाही ढीग त्या ताडपत्रीवर होता. तिचे पैसे कुणी भरले हे मी विचारलं, तेव्हा कुणी सांगितलं नाही.

दुकानात ही व्यवस्था चालत नाही. तिथे ओळखीच्या गिऱ्हाइकाला चाप मिळते आणि बुजऱ्या माणसाला मानेची हाडं. जनावराच्या कोथळ्याशी, खुरांशी आपला संबंधच राहत नाही.

चुलीकडे

पहिला मान रक्तीचा. पातेल्यात मीठ टाकून धरलेलं रक्त गोठलं की उकडून, तुकडे करून कांद्यावर परततात. रक्ती मुलाण्याच्या घरी चालत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याचा वाटा आधीच वेगळा काढलेला असतो. वजडी धुणं हे दिवसातलं सगळ्यात किचकट काम आणि ते बायकांच्या वाट्याला येतं. कोथळा उलटा करायचा, गरम पाण्यात बुडवायचा, आतली काळी साल खरवडायची, आतडी काडीवर उलटी करून धुवायची. पाणी कढत असलं तर साल चिकटून बसते, कोमट असलं तर सुटत नाही. नेमकं किती तापवायचं ते त्यांच्या बोटांना माहीत. दोन तास हे करून मग त्या भाकऱ्या थापायला बसतात आणि शेवटच्या पंगतीला जेवतात. आपण यात्रेचं कौतुक करतो तेव्हा या बायकांच्या उठाबशा त्यात धरतच नाही. पुरुषांनी फोडणी देऊन ‘आज आम्ही स्वयंपाक केला’ म्हणण्याआधी एकदा वजडी धुवावी.

मटण आधी हळद-मिठात शिजतं. त्यातलं अळणी पाणी पोरांना, म्हाताऱ्यांना आणि बाळंतिणीला वाटीवाटीने देतात. मग कांदा-लसणाची चटणी, भाजलेलं खोबरं, तीळ, खसखस यांचं वाटण पडतं आणि तांबड्या तर्रीचा रस्सा उकळतो. सगळी घाई का, तर तिला कारण आहे. जीव गेल्यावर काही तासांत जनावराचे स्नायू आखडतात. त्याआधी मटण चुलीवर चढलं तर मऊ लागतं, आखडण्याच्या काळात सापडलं तर वातड. थंड देशांत हरणाचं धूड गार खोलीत कित्येक दिवस टांगून ठेवतात, तेवढ्यात मांसातली विकरं धागे सैल करतात. चैत्रात आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. इथे टांगून ठेवलं तर संध्याकाळपर्यंत वास येईल. म्हणून सकाळी कापायचं आणि दुपारी वाढायचं.

वाळवण

उरलंच तर लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद-तिखट चोळून, दोरीवर उन्हात वाळवायच्या. या विद्येची खरी जाणकार माणसं मात्र यात्रेच्या मांडवात कधी नव्हती. मेलेलं ढोर ओढण्याचं काम ज्यांच्यावर लादलं गेलं, त्या महार-मांग वस्त्यांनी वाळवलेल्या मांसावर, चान्यांवर, दुष्काळ काढले. जनावराच्या कुठल्या भागातून किती दिवस जगता येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण बाकीच्यांवर ती वेळ आली नव्हती. १९२७ साली महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी मृत जनावराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. माणूसपणासाठी एक अन्न सोडायचं होतं आणि लोकांनी ते सोडलं. साताऱ्याच्या शाळेत शिकलेल्या या मुलाचा शब्द इथल्या वस्त्यांनी मानला. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात मराठवाड्यातल्या या समाजांचं खाणं नोंदवून ठेवलं आहे. सातारा-सांगलीच्या वस्त्यांचं असं पुस्तक अजून व्हायला हवं. सांगणाऱ्या आज्या थोड्याच उरल्या आहेत. ताडपत्रीवरच्या समान वाट्यांचं मी मनापासून कौतुक केलं, पण पूर्वी ती ताडपत्री गावकुसाच्या आतच अंथरली जायची, हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं पाहिजे.

खड्डा आधी खणा

एका गोष्टीबाबत मात्र जुनी रीत सोडायला हवी. पोट फाडल्यावर कधीकधी कलेजीत किंवा फुप्फुसात पांढरट, पाण्याने भरलेल्या गाठी दिसतात. सुपारीएवढ्या, कधी लिंबाएवढ्या. फोडणारा तेवढा भाग कापतो आणि भोवती घुटमळणाऱ्या कुत्र्यांपुढे फेकतो. त्या गाठींत एका पट्टकृमीची पिल्लं असतात. कुत्र्याच्या आतड्यात ती मोठी होतात, अंडी विष्ठेतून गवतावर, अंगणात, कुत्र्याच्या केसांवर पडतात. तिथून ती मेंढरांच्या पोटात जातात आणि पोरांच्या हातांवाटे माणसाच्याही. माणसाच्या यकृतात तशीच गाठ वर्षानुवर्षं वाढते आणि शेवटी शस्त्रक्रिया करावी लागते. मटण खाऊन हा रोग होत नाही. तो होतो कुत्र्यापुढे फेकलेल्या त्या तुकड्यामुळे.

कातड्यालाही आता भाव उरलेला नाही. पूर्वी व्यापारी दारात येऊन घेऊन जायचा, आता कातडी ओढ्यात पडतात. आणि अचानक मेलेलं जनावर, ज्याच्या नाकातोंडातून न गोठणारं काळं रक्त येतंय, ते तर कुणीही फाडू नये. ती फाशी, म्हणजे अँथ्रॅक्स, असू शकते. पशुवैद्याला बोलवावं आणि तो सांगेल तसं जनावर पुरावं.

यंदा चैत्रात यात्रेला गावी जाल, तेव्हा मंडपात मोबाईल घेऊन बसू नका. लिंबाखाली जा, म्हाताऱ्याच्या शेजारी उभे राहा, पाय धरा, कातड्यात मूठ कशी घालायची ते शिका आणि आपल्या मुलामुलींनाही शिकू द्या. वजडी धुणाऱ्या बाईच्या हातातला कोथळा घ्या. आणि हे सगळं सुरू होण्याआधी कुदळ घेऊन झाडापासून लांब, ओढ्यापासून लांब, कंबरभर खोल खड्डा खणून ठेवा. गाठी असलेली कलेजी आणि कातडं त्यात जाऊ द्या, वरून चुना टाका, माती लोटा आणि कुत्री उकरणार नाहीत इतके दगड रचा.